डब्यातली लाल गाडी

तिरोड्यात पंप-पाइपचं दुकान चालवणाऱ्या ओमेशकडे अशा दोन गोष्टी होत्या, ज्या त्याच्या गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. एक त्याचा डबा आणि दुसरी त्याची जीभ. डबा त्याने मोठ्या हौसेने बनवून घेतला होता. जीभ जन्मासोबत फुकटच मिळाली होती, आणि आयुष्याचं नुकसान केलं ते या फुकटच्या वस्तूनेच.

डबा म्हणजे बोलेरोच्या मागे जोडायचा ट्रेलर. परदेशातली माणसं असल्या ट्रेलरमध्ये मोटरसायकली भरून, रात्री त्यातच झोपून मुलूख पालथा घालतात, हे ओमेशने मोबाइलवर पाहिलं आणि त्याचं धानात, दुकानात, कशातच लक्ष लागेना. तिकडे याला टॉय हॉलर म्हणतात, म्हणजे खेळणी वाहून नेणारी गाडी. शेवटी मनिराम वेल्डरने त्याला हवा तसा ट्रेलर करून दिला. मागचं दार खाली पाडलं की त्याचाच उतार व्हायचा. त्यावरून दोन मोटरसायकली आत चढवायच्या, चाकं लोखंडी खोबणीत बसवायची आणि पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळायची. पुढच्या भागात दुमडता पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. माप घेताना मनिरामने विचारलं होतं, "दोन गाड्या कायले गा? तू तं एकटाच चालवतेस."

"दुसरी रेणूची," ओमेश म्हणाला होता.

रेणू त्याची बायको, नवेगाव बांधची. तोवर तिने साधी स्कूटीही चालवली नव्हती. ओमेशने तिच्यासाठी लाल मोटरसायकल घेतली, दोन्ही गाड्या डब्यात घातल्या आणि चार-पाच रविवार तिला बिरसीला नेलं. विमानतळाकडचा रस्ता रुंद, रहदारी बेताची. वर शिकाऊ पायलटांची विमानं घिरट्या घालत होती आणि खाली रेणू. "वरच्यांपेक्षा खालची लवकर शिकली," असं ओमेश पुढे सगळ्यांना सांगायचा. त्या वेळी त्याच्या जिभेला कौतुक ठाऊक होतं.

पहिली दोन वर्षं सोन्यासारखी गेली. धान निघालं की पोरगी प्रेरणा आजीकडे ठेवायची आणि दोघांनी निघायचं. पचमढी झालं, चित्रकोट झालं. एखाद्या ढाब्यामागे डबा लावायचा, दार पाडायचं, गाड्या उतरवायच्या आणि दिवसभर हुंदडायचं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर ओमेशला पत्ता लागला, की आपल्या बायकोला गाणं येतं. हेल्मेटच्या आत ती मोठ्याने गायची आणि तिला वाटायचं, कोणाला ऐकू जात नाही.

मग अमरकंटकची सहल आली. डिंडोरी मागे पडल्यावर डबा एका गावात लावून दोघं गाड्यांवर निघाले. रेणू पुढे, ओमेश मागे. एका वळणावर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी झुडपातून निघाली ती थेट रस्त्यात. रेणूने गाडी उजवीकडे काढली असती तर समोरून ट्रक होता. तिने डावीकडे घातली, खडीवर चाक सरकलं आणि गाडीसकट ती नालीत गेली. नालीत गुडघाभर चिखल आणि तीन म्हशी. ओमेश गाडी लावून धावत पोचेपर्यंत ती उठून उभी होती. पहिलं वाक्य बोलली ते म्हातारीला, "लागलं तं नाही ना, माय?" मग तिने हँडलला हात घातला, पाठ लावली आणि गाडी स्वतः उचलली. अंगभर चिखल, शेजारी म्हैस, आणि ती म्हैस रेणूच्या खांद्याला तोंड लावून हुंगते आहे. ओमेशला हसू आवरेना. रेणूसुद्धा हसली. तिथवर काहीच बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते घरी आल्यावर. पानटपरीवर ओमेशने ती गोष्ट सांगितली. बोलणाऱ्या माणसाला ऐकणाऱ्यांच्या हसण्याचं व्यसन लागतं, आणि ओमेश तर जुना व्यसनी. पहिल्या खेपेला त्याने म्हातारी सांगितली. पण म्हातारी आली की लोक गंभीर व्हायचे, "मंग बरोबरच केलं ना वहिनीनं," असं म्हणायचे. गोष्ट बसायची नाही. दुसऱ्या खेपेला त्याने म्हातारी काढून टाकली. मग तिखटमीठ लागत गेलं. रेणू ब्रेक समजून गॅस देते, "अगा माय" म्हणून डोळे मिटते, म्हशीच्या गळ्यात पडते आणि म्हशीलाच म्हणते, अहो, वाचवा! तीन म्हशींच्या पाच झाल्या. उन्हाळाभर गोष्ट दुकानात, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत फिरली. रेणूच्या कानावर गेली तेव्हा ती एकदाच म्हणाली, "म्हातारी कुठं गेली?"

"अगं, गंमत हाये," ओमेश म्हणाला.

दिवाळी झाली आणि गावाची मंडई आली. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते; लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घर भरतं, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. दंडारीत गावच्या गावातलीच सोंगं निघतात आणि बायकांची कामं पुरुषच करतात. जागेश्वर हा त्यातला हुकमी विनोदी गडी. लुगडं नेसून, पुढे दिव्याच्या जागी सूप बांधलेली सायकल घेऊन तो मैदानात आला आणि ओरडला, "सरका गा सरका! माह्या नवऱ्यानं मले डब्यात भरून आणलं!"

लोकांना लगेच कळलं. सायकल डुगडुगली, जागेश्वरने डोळे मिटले आणि काळं घोंगडं पांघरून म्हैस झालेल्या गड्याच्या गळ्यात पडून तो हंबरडा फोडू लागला. मैदान हसून लोळलं. बायकांच्या बाजूला रेणू बसली होती; एका हाताला नणंद, दुसऱ्या हाताला नवेगावहून आलेली तिच्या भावाची, टेकचंदची बायको, आणि मांडीजवळ तेरा वर्षांची प्रेरणा. आजूबाजूच्या बाया वळून वळून तिच्याकडे बघत होत्या. ओमेश पुरुषांत पुढे होता. आपली गोष्ट मैदान गाजवते आहे हे बघून त्याला काही सुचेना. तो उठला आणि जागेश्वरच्या हातात शंभराची नोट देऊन आला. दंडारीत बक्षीस देणाऱ्याचं नाव माइकवर घेतात. तसं ते घेतलं गेलं. "रेणूवहिनीच्या सोंगाबद्दल ओमेशभाऊंकडून शंभर रुपये! टाळ्या!"

रेणू शेवटपर्यंत बसली. घरी येऊन तिने पाहुण्यांसाठी वडे तळले, सगळ्यांना वाढलं, नणंदेची साडी-चोळी केली. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर तिने लाल गाडीची किल्ली ओमेशच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"राहू द्या तुमच्यापाशी. मले नाही लागत आता."

ओमेशला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. त्या वेळी नीट समोर बसून दोन शब्द बोलला असता तर कदाचित पुढचं टळलं असतं. पण साधं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तो म्हणाला, "अगं, तुले तं जागेश्वरनं हिरोईन बनवली!" उचलली जीभ लावली टाळ्याला. रेणूने त्याच्याकडे पाहिलं आणि ती धान वाळवायला अंगणात गेली.

त्याला पाच वर्षं झाली. दरवर्षी निघायच्या आधी ओमेश विचारायचा, "येते काय?" दरवर्षी रेणूला काम असायचं. कधी मळणी, कधी प्रेरणाची परीक्षा, कधी नुसतंच "तुम्ही जाऊन या." भांडण नाही, अबोला नाही, चहा वेळेवर, जेवण वेळेवर. ओमेश एकटा जायचा. मित्रांनी कितीदा म्हटलं, दुसऱ्या खोबणीत आमची गाडी टाक ना. त्याने कधी टाकू दिली नाही. त्या खोबणीत लाल गाडीच असायची, पट्ट्यांनी आवळलेली. न जाणो, रेणू ऐन वेळी हो म्हणाली तर? ती गाडी अशीच बांधलेली पुरीला जाऊन आली, ओंकारेश्वरला जाऊन आली. दर रविवारी तो तिचं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचा, टायरची हवा बघायचा, साखळीला तेल द्यायचा. संध्याकाळी कुठल्या तरी नदीकाठी दार पाडून तो आपली गाडी उतरवायचा तेव्हा शेजारची लाल गाडी आत तशीच उभी असायची, आणि त्याला जेवण जायचं नाही. त्या पलंगावर पडून त्याने मनातल्या मनात हजारदा माफी मागितली असेल. तिरोड्याची वेस लागली की ती माफी घशाखाली जायची. मंडईत गेलेली अब्रू पलंगावर पडून परत येत नसते, हे त्यालाही कळत होतं. बूंद से गई सो हौद से नहीं आती, असं गोंदियाचे व्यापारी म्हणतात ते काही खोटं नाही.

यंदा प्रेरणा अठराची झाली. शिकाऊ लायसन्स हातात पडलं त्या सकाळी ओमेश उत्साहाने म्हणाला, "चल, तुले गाडी शिकवतो. आईची लाल उतरवू." त्याने पाच वर्षांनी तिचे पट्टे सोडले. शेताकडच्या रस्त्यावर गाडी नेली आणि क्लच कसा, गिअर कसा, हे समजावायला तोंड उघडलं. प्रेरणा गाडीवर बसली आणि निघाली. पुढे जाऊन तिने अरुंद रस्त्यात पाय न टेकवता गाडी वळवली, खडीवर वेग अलगद कमी केला आणि नेमकी त्याच्यासमोर आणून उभी केली.

"कोणं शिकवलं तुले?"

"आईनं."

"आईनं? कोणत्या गाडीवर?"

प्रेरणा थोडी घुटमळली. मग म्हणाली, "टेकचंदमामाच्या. तुम्ही डबा घेऊन गेले का आम्ही नवेगावले जातो ना, तवा. आई लई भारी चालवते, बाबा. मले मागं बसवून इटियाडोह धरणालोक नेलं. मागच्या साली मामीले घेऊन आपल्या इकडच्या प्रतापगडले गेली."

"किती दिवसांपासून?"

"सोडलीच कुठं होती तिनं?"

ओमेश बांधावर बसला. पाच वर्षं तो ज्या गाडीची साखळी पुसत होता, ती गाडी रेणूला नकोच होती. चालवणं तिला हवंच होतं. तिने सोडलं होतं ते फक्त त्याच्यासोबत चालवणं. तो पुरीच्या वाळूत एकटा चहा उकळत होता तेव्हा ती इटियाडोहच्या पाळीवर हेल्मेटच्या आत गात असेल.

"मले सांगितलं काऊन नाही तुम्ही?"

प्रेरणाने पायाने खडी सारली. "आई म्हणे, सांगू नको. तुह्या बाबाले सांगितलं तं त्याची गोष्ट होते."

पोरीने ते सहज सांगितलं, जसं एखाद्या घरात कुत्र्याला गोड देऊ नका म्हणतात तसं. आपल्या घरातली दोन माणसं आपला आनंद आपल्यापासून लपवून ठेवतात, आणि तेच शहाणपणाचं आहे, हे ओमेशला फार उशिरा कळलं.

तो घरी आला. रेणू ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. या वेळी त्याने कसलीही फिरकी घेतली नाही.

"रेणू, त्या दिवशी म्हातारी आडवी आली होती. तू तिले वाचवलं. मी ते लोकांले सांगितलं नाही. मंग मंडईत पैसे दिले. माह्यं चुकलं. लई चुकलं."

रेणूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने खाली पडू दिलं नाही.

"हे मले काऊन सांगून राहिले? मी तं तिथंच होती." तिने एक खडा काढून अंगणात टाकला. "ज्यायले सांगाचं होतं, त्यायले पाच वर्षांआधी सांगाचं होतं."

सूप पाखडून झाल्यावर ती म्हणाली, "परवा नवेगावची मंडई हाये. लाल गाडी नेतो आम्ही दोघी. हवा पाहून ठेवा."

"मी डबा घेऊन येऊ? मागून मागून. थकल्या तं गाडी चढवून घेऊ, तुम्ही आत आराम..."

"नका येऊ," रेणू म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर ओमेशला काही तरी धरायला मिळालं असतं.

मंडईच्या सकाळी रेणूने पदर खोचण्याऐवजी जॅकेटची चेन लावली, प्रेरणाला मागे बसवलं आणि गाडी अंगणातून काढली. गल्लीत शेणाचा ट्रॅक्टर आडवा होता; तिने तो हाताएवढ्या जागेतून सहज ओलांडला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडीने जो वेग धरला, तो बघून ओमेशला रडूच आलं. इतकं देखणं चालवणारी बाई त्याने आजवर पाहिली नव्हती, आणि ती त्याची बायको होती.

दुकान उघडण्याआधी तो सवयीने टपरीवर गेला. तिथे गुड्डू पानवाला आणि नेहमीचे चौघे होते.

"ओमेशभाऊ, वहिनी गाडीवर गेल्या म्हणे! आता कोणती म्हैस धरणार हायेत? सांगा ना काही."

चौघांची तोंडं त्याच्याकडे वळली होती, हसायला तयार. ओमेशच्या ओठांवर कितीतरी आलं. ट्रॅक्टर आला, जॅकेट आलं, इटियाडोह आलं.

"माहेरी गेली," तो म्हणाला, आणि पान न घेताच दुकानाकडे चालू लागला.