वाऱ्याची बाही

टाकेमावशींनी कॉलरला शेवटची टीप मारली, दोरा दाताने तोडला आणि मगच दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. कारखान्याच्या स्टोअरचा साहेब होता. गेल्या वर्षी वायू सुटला त्यानंतर कारखान्याचं माणूस या गल्लीत पाऊल टाकायला धजत नव्हतं. आणि हा बाबा भरदिवसा, काखेत कापडाचं पुडकं मारून, बूट काढू की नको या विचारात उंबऱ्याशी घुटमळत होता.

"काढू नका," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला बसायचं नाहीये."

तो तरीही बसला. खुर्चीवरचे बेतलेले कपडे त्याने उचलून स्वतःच बाजूला ठेवले, जणू काही झालंच नव्हतं, जणू तो मागच्या महिन्यातही येऊन गेला होता. हवापाण्याच्या चार गोष्टी काढून झाल्या. हवापाण्याच्या! या खोलीत नवी सुई आठ दिवसांत गंजत होती. कापायच्या आधी भिजवून गच्चीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी पिवळे डाग घेऊन खाली येत होतं. ओढ्याकाठची झाडं काड्या होऊन उभी होती, आणि हातपंपावर लाल फुली मारून कंपनीने पाण्याचं आपलं कर्तव्य पार पाडलं होतं. मावशींनी मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं, नाहीतर काहीतरी फेकून मारलं असतं.

साहेबाने पुडकं उघडलं. आत नारिंगी कापड होतं, इतकं पातळ की त्यातून त्याची बोटं दिसत होती. कारखान्याचा एक विभाग पुन्हा सुरू होणार होता, त्यासाठी नवी बाही हवी होती, शनिवारपर्यंत.

बाही म्हणजे कारखान्याच्या सगळ्यांत उंच खांबावर लावलेली कापडी पिशवी, एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळती, दोन्हीकडून उघडी. वारा तिच्यात शिरला की ती फुगून आडवी होते आणि वारा कुठे चाललाय ते साऱ्या गावाला दिसतं. तिला बाही हे नाव मावशींनीच दिलं होतं आणि ते गावभर झालं. बारा वर्षं ती त्याच शिवत होत्या. कंपनीने शाळाशाळांत माणसं पाठवून पढवून ठेवलं होतं: वायू सुटला तर आधी बाहीकडे बघा. बाही उडत असेल तर वाऱ्याला आडवं धावा. बाही लटकत असेल तर वारा नाही, दारं-खिडक्या लावून आतच बसा. चार वर्षांच्या पोरालाही हे पाठ होतं. मावशींच्या नातीला तर होतंच.

"आणि एक छोटंसं काम," साहेब म्हणाला आणि त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. उद्या अकरा वाजता चौकशी समिती बसणार होती. त्याआधी फक्त एक सही.

मावशींनी चष्मा पुसला आणि ओळीखाली बोट ठेवून कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यात लिहिलं होतं की चार वर्षांपूर्वी शिंपिणीने स्वतःच्या मर्जीने जाड, दुहेरी कापडाची बाही शिवून दिली. जडपणामुळे ती मंद वाऱ्याला उचलली जात नव्हती. त्यामुळे दुर्घटनेच्या दिवशी वारा नसल्याचा गैरसमज झाला.

खोटं म्हणावं तर त्यात खोटं काही नव्हतं. चार वर्षांपूर्वी बाही दर तीन महिन्यांनी फाटायची. ती बदलायला माणूस वर चढवावा लागे आणि तेवढा वेळ त्या भागातलं काम बंद पडे. याच साहेबाने याच खुर्चीत बसून ऐकवलं होतं, की मावशी, गाव तुम्हाला टाकेमावशी म्हणतं आणि तुमच्या बाहीच्या तीन महिन्यांत चिंध्या होतात. ते त्यांना फार झोंबलं होतं. त्यांनी तंबूचं कापड आणलं, आतून अस्तर लावलं, तोंडाला चार पदरी पट्टी घालून तिहेरी टीप मारली. ही फाटली तर नाव बदलीन म्हणाल्या होत्या. साहेबाने ती चिमटीत धरून पाहिली होती आणि शाब्बास म्हटलं होतं. बाही फाटली नाही. गिऱ्हाइकांना खिडकीतून ती दाखवताना मावशींचा ऊर भरून यायचा. कपडा टिकला पाहिजे, एवढंच त्या आयुष्यभर शिकल्या होत्या. न टिकण्यातच ज्याचं काम असतं असा कपडाही असतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"कुणाला ठाऊक होतं असं होईल," साहेब कापडाची घडी घालत म्हणाला. "तसं वरून दोनदा लिहून आलं होतं म्हणा, मंद वाऱ्यात बाही उचलत नाही म्हणून. पण म्हटलं, फाटत तर नाही ना."

"कधी लिहून आलं होतं?"

त्याच्या लक्षात आलं की जीभ घसरली. पण शब्द सुटून गेला होता. "झाली असतील दोन वर्षं."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्हाला कशाला उगाच त्रास, मावशी."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वायूची टाकी थंड ठेवणारं यंत्र सहा महिने बंद होतं, हे आता गावात शेंबड्या पोराला माहीत होतं. गळकी झडप पट्टी गुंडाळून चालवली होती. भोंगा काढून ठेवला होता, कारण पाहुणे यायचे तेव्हा तो उगाच वाजायचा. एवढं सगळं करून हे नामानिराळे, आणि एवढा मोठा कारखाना सुईच्या नेढ्यातून बाहेर काढायला निघाले होते. मावशींच्या सुईच्या. आणि सगळ्यांत जास्त राग याचा, की सुई खरंच त्यांचीच होती.

"उठा," त्या म्हणाल्या. "कागद राहू द्या इथेच."

"सही करून—"

"उठा म्हटलं ना."

तो गेला. पातळ कापड मात्र ठेवून गेला, शनिवारचं विसरू नका म्हणाला. इतका निगरगट्टपणा विकत मिळत नसावा, तो कारखान्यातच बनत असावा.

दुपारी मुलगा जेवायला आला तेव्हा मावशींनी कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. तो बाधितांच्या समितीत होता, उद्या गावाच्या बाजूने तोच बोलणार होता. घास हातातच ठेवून त्याने वाचलं आणि मग आईने सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. बोलण्याआधी त्याला खोकला आला. हल्ली त्याला प्रत्येक वाक्याआधी खोकला यायचा.

"फाडून टाक," तो म्हणाला. "आणि उद्या तोंड उघडू नकोस. तू एक शब्द बोललीस की सगळं तुझ्या माथी मारून ते मोकळे."

"आणि बाई?"

मुलाने ताट पुढे सरकवलं. "बाईंचं काय. विसरतील लोक हळूहळू."

"तू विसरलास?"

तो हात धुवायला उठला.

बाई म्हणजे बालवर्गाच्या बाई. त्या दिवशी सकाळी ओरडाआरडा ऐकून त्या वर्गाबाहेर आल्या, शिकवल्याप्रमाणे त्यांनी बाहीकडे पाहिलं, आणि पोरांना आत घेऊन दारं-खिडक्या लावून घेतल्या. वायू जड होता. तो दाराखालच्या फटीतून आला आणि पोरं बसली होती तेवढ्याच उंचीने खोलीत भरत गेला. नऊ मुलं गेली. बाई उभ्या होत्या म्हणून वाचल्या, वाचल्या म्हणजे छाती निम्मी राहिली आणि डोळ्यांपुढे कायमचं धुकं आलं. तिसऱ्या दिवशी, सगळं गाव जमलेलं असताना, नातीला निरोप देऊन परत फिरलेल्या मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. वारा होता, त्या म्हणाल्या होत्या. माझ्या गच्चीवर अस्तराचे तुकडे फडफडत होते, मी डोळ्यांनी पाहिलं, आणि हिला दिसला नाही. नऊ लेकरं हिने कोंडून मारली.

गावाला कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. कंपनीच्या दाराला पोलीस होते, बाईंच्या दाराला कुणी नव्हतं. त्या दिवसापासून कुणी त्यांच्याशी बोललं नाही. दुकानदार सामान पायरीवर ठेवून निघून जायचा. कुणीतरी त्यांच्या दारावर कोळशाने नऊ रेघा ओढल्या होत्या. मावशींनी त्या येता-जाता पाहिल्या होत्या आणि त्यांना बरंच वाटलं होतं.

ऊन उतरल्यावर मावशी कागद घेऊन निघाल्या. ओढ्यावरच्या पुलावर नाकाला पदर लावावा लागला. पाण्यावर साबणासारखा फेस होता आणि काठावर एकही पाखरू नव्हतं. वाटेत दोघी-तिघींनी हटकलं, कुठे निघालात म्हणून विचारलं. कुठे ते मावशींनी सांगितलं. त्या बायकांचे चेहरे पाहून त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण एका वाक्यात केवढं काम करून ठेवलंय.

बाईंनी दार उघडलं आणि समोर कोण आहे ते समजायला थोडा वेळ घेतला. चाळिशीची बाई, पण भिंत धरून चालत होती. खोली नीटनेटकी होती. मावशींना बसा म्हणून कुणी म्हटलं नाही, त्या बसल्याही नाहीत. रस्ताभर त्यांनी चांगली लांबलचक माफी मनात जुळवून आणली होती. ती तोंडाशीच अडकली आणि त्यांनी थेट कागदच वाचून दाखवला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग तंबूचं कापड, अस्तर, तिहेरी टीप, सगळं सांगितलं. वरून दोनदा लिहून आलं होतं तेही सांगितलं.

बाई ऐकत राहिल्या. मध्ये एकदा त्यांनी पाण्याचा तांब्या चाचपडून घेतला आणि न पिता परत ठेवला.

"म्हणजे वारा होता," त्या म्हणाल्या.

"होता. मंद, पण होता."

"मी वर्षभर रोज ती बाही डोळ्यांपुढे आणते. दर वेळी ती लटकलेलीच असते. मग वाटायचं, वेड लागलंय मला. तुम्ही सगळे म्हणता वारा होता, म्हणजे ती उडतच असणार, आणि मला पोरांच्या गडबडीत दिसली नसणार."

"तुम्ही बरोबर पाहिलंत. ती लटकतच होती. माझ्यामुळे."

बाई मान खाली घालून उभ्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला होता वारा?"

मावशींना हे विचारलं जाईल असं वाटलं नव्हतं. अंदाज नाही म्हणावं, लक्षात नाही म्हणावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण आज खोटं बोलायचं तर इथवर आलोच कशाला. "कारखान्याकडून सरळ शाळेकडे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आडवं धावायचं तर मागच्या दाराने, टेकडीकडे."

"हो."

"किती लांब?"

"शंभर पावलं. दीडशे." टेकडीवरच्या एकाही घरात त्या दिवशी कुणाला साधा ठसकाही लागला नव्हता. ते मावशींनी सांगितलं नाही, पण ते गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

"मागचं दार मी उघडलं होतं," बाई म्हणाल्या. "पोरं रांगेत उभी केली होती, एकमेकांचे हात धरून. सगळ्यांत पुढे तुमची नात होती. तिला उंबऱ्याबाहेर काढलीसुद्धा होती मी. मग म्हटलं, एकदा बाही बघून यावी. बघून आले आणि तिला हाताला धरून परत आत घेतलं."

मावशींनी भिंतीला हात टेकला. त्यांच्या घशातून आवाज आला तो रडण्याचा नव्हता, आणि बाईंनी तो ऐकला तरी त्या जवळ आल्या नाहीत. बाहेर कुणाची तरी पावलं दाराशी थबकली आणि पुढे निघून गेली.

मग बाईंनीच विचारलं, "उद्या हे सगळ्यांसमोर सांगणार आहात?"

"सांगणार आहे. आधी त्यांना दोनदा लिहून आलं होतं ते, मग माझं. मुलगा नको म्हणतोय. म्हणतो, कंपनी सगळं माझ्यावर ढकलेल."

"ढकलेलच."

"ढकलू दे. पण तुमच्यावरचं तर उतरेल."

बाई हसल्या असाव्यात. ते हसू चांगलं नव्हतं. "उतरायला ते काय गाठोडं आहे," त्या म्हणाल्या. "आणि मावशी, तुम्ही आलात ते बरं केलंत असं मी म्हणणार नाही. कालपर्यंत ती पोरं वाचण्यासारखीच नव्हती, असंही एखाद्या रात्री वाटायचं मला. आता तेही वाटणार नाही."

मावशींनी कागदाची घडी घातली, चष्मा काढला, पुन्हा घातला. निघताना दारात वळून त्या म्हणाल्या की समिती अकराला बसेल. पूल खडबडीत झालाय, तुम्हाला दिसायचं नाही, मी साडेदहाला न्यायला येते.

"नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी जाऊन बसा. सगळं गाव बसू दे. मग मी येईन, एकटी, भिंत धरून." त्यांनी दाराची कडी चाचपून धरली. "मला येताना बघू दे सगळ्यांना. तुम्हीसुद्धा बघा."