जांबाच्या वासाची बाटली

रिना नाशिकच्या वाइन कारखान्यात लागली, तवा तिनं मूल गावाले बापासाठी, श्रावणसाठी, पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या धाडल्या होत्या. श्रावणनं मोहाच्या दारूसारखी एक पारखली. चुलीत घोटभर टाकली, तर भडका व्हायच्या ऐवजी जाळच इझला. "हे तं पाणी हाय!" म्हणून तो हासला, अन् दुसरी बाटली तांदळाच्या कोठीमागं सारून देल्ली.

मंग तंबाखूचा खर्रा खाऊ खाऊ त्याच्या जिभेले कॅन्सर झाला. मशीनीचे शेक देल्ले. जीव वाचला, पण चव गेली. वर्षभरात आली तं आली, डॉक्टर म्हणे. वर्ष कधीचंच सरलं.

आज झाडताना त्याच्या बायकोले, कमलाले, ते बाटली सापडली. श्रावणनं झाकण फिरवलं, घोट घेतला, तोंडात घोळवला. काहीच नाई. नुसतं ओलं.

"तू पिऊन सांग वं, कशी लागते."

"मी पंचशील घेतलं हाय. तोंडाले लावणार नाई," कमला म्हणाली. पण तिनं बाटली नाकाशी नेली अन् पेरूचा वास ओळखला. "पिकल्या जांबावानी वास येऊन राह्यला."

पोरीची चीज इतके दिवस पडून राह्यली, म्हणून श्रावणनं तिले फोन लावला.

"पेली का बाबा? कशी लागली?"

"जांबावानी."

तिकडं रिना रडाले लागली. "म्हणजे चव आली! बाबा, चव आली तुमाले!"

कमला पाहतच राह्यली. श्रावणनं तिच्याकडं पाठ केली.

"हो," तो म्हणाला. "आली."

"मंग मी येतो ना आता घरी! काय करून खाऊ घालू, सांगा?"

"झिंग्याची भाजी कर. झणझणीत," श्रावण म्हणाला, अन् बाटलीतला आणखी एक घोट पाण्यासारखा पेला.