सोमवारची पुसलेली काच

मी एक जुना डॅशकॅम आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, तर अडीच वर्षांचा. तुमच्यात या वयाचं पोर अजून नीट बोलतही नाही. पण आमच्या घराण्यात तेवढ्या वेळात नातवंडं दुकानात येऊन बसतात. एका पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या पुढच्या काचेला, आरशाच्या मागे, मी चिकटलेला असतो. रस्ता बघायचा आणि बघितलेलं जपून ठेवायचं, एवढंच माझं काम. माझ्या पोटात नखाएवढं कार्ड आहे. ते भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्यावर मी नवं लिहितो. म्हणजे विसरणं हा माझा दोष नव्हे, धंदाच आहे. तरी एक मिनिट असं आहे जे मला पुसता येत नाही. बाकीची हकिगत लोक गाडीत पुन्हा पुन्हा सांगतात, म्हणून मला पाठ झाली आहे.

माझा कारखाना कुठला, ते मला आठवत नाही. आठवतं ते नांदेडचं तय्यबभाईंचं दुकान. गाड्यांच्या वायरिंगचं ते जुनं दुकान आता त्यांची लेक सबिहा चालवते आणि तय्यबभाई दारातल्या खुर्चीवर बसून चहा आणि सल्ले देतात. चहा लोक घेतात.

एका सकाळी तिथे पुनम आली. विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात ती शिकवते. गाव तिचं रेणापूरजवळ. शनिवारी घरी जायचं, सोमवारी पहाटे परत यायचं, आणि तेही स्वतःच्या गाडीने, म्हणून पगारातून तिने ही गाडी घेतली होती. तिच्याबरोबर तिचे वडील ग्यानोबा होते. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि चेहरा असा की जणू गाडी नव्हे, गाढव विकत घेतलंय पोरीने.

"बस हाय की चांगली," ते तय्यबभाईंना सांगत होते. "बसला काय काटे हायेत? पर आमची ऐकंल तर शपथ. म्हनलं, कॅमेरा बसव, मग जा एकटी. दिवाळीपर्यंत बघतो. एकदा जरी बंद पडली, तर गाडी अंगनात अन् ही बसमधी."

"मंजूर आहे म्हणाले ना, आण्णा," पुनम म्हणाली.

"मग दुकानात बी म्हन. चार मानसं साक्षीला ऱ्हातील."

पुनमने पुन्हा म्हटलं. तय्यबभाईंनी साक्षीदार म्हणून मान हलवली.

सबिहाने काउंटरवर आम्हा तिघांना मांडलं. एक मोठ्या पडद्याचा, दिसायला देखणा. दुसरा दोन डोळ्यांचा, पुढचं-मागचं बघणारा. तिसरा मी: काळा, लहान, पडदा नसलेला. मुलगी बघायला पाहुणे आले की थोरलीच्या मागे धाकटी उभी राहते ना, तसा मी त्या दोघांच्या मागे होतो.

"ताई, गाडी सावलीत असते का उन्हात?" सबिहाने विचारलं.

"कॉलेजात उन्हातच. झाडं आहेत, पण झाडाखाली सरांच्या गाड्या असतात."

"मग हे दोघं नको. यांच्या पोटात बॅटरी हाय. आपल्या मे महिन्यात पापडासारखी फुगते. ह्या लहान्याच्या पोटात बॅटरीच नाही, कपॅसिटर हाय. ऊन सोसतो. रात्रीचा नंबर पण साफ वाचतो."

ग्यानोबांनी मला उचललं, पालथं केलं, दाणे परखतात तसं तळहातावर जोखलं. "याच्यात आवाज भरतो का?"

"भरतो, काका. गाडीतलं सगळं बोलणं येतं. नको असेल तर बंद पण करता येतं."

"बंद कशाला? भांडन झालं की आधी शिवी कुनी दिली हेच इचारतेत लोक. आवाज पायजेच. ह्योच द्या."

मित्रांनो, माझी निवड ही अशी झाली. आवाजासाठी. हे ध्यानात ठेवा.

मग सबिहाने मला बसवलं. तिचं काम बघत राहावं असं असतं. काच आधी दोनदा पुसली. वायर छताच्या कापडाआड अशी सारली की केसात पिन जावी. बाजूच्या खांबात अपघाताच्या वेळी फुगणारी हवेची पिशवी असते, तिच्या पुढून नाही, मागून वायर नेली. नारिंगी जाड वायरींकडे तिने बोट दाखवलं. "ह्या मोठ्या बॅटरीच्या. ह्यांना आपण सलाम करायचा, हात नाही लावायचा."

"म्हंजे बॅटऱ्या दोन हायेत?" ग्यानोबा.

"हौ काका. खाली मोठी, ती गाडी पळवते. ही पुढं छोटी, ती गाडीला जागं करते, दारं उघडते, दिवे लावते. समजा, मोठी म्हणजे ज्वारीची कोठी अन् छोटी म्हणजे कोठीची किल्ली. कॅमेरा या किल्लीवर चालतो. म्हणून मी म्हणते, गाडी चालू असली तरच हा जागा राहू दे. उभी असली की झोपू दे."

"उभ्या गाडीला बी पहारा पायजे."

"मग समोर काही हललं की हा उठणार, मिनिटभर भरून घेणार. अंगणात येणंजाणं किती असतं?"

"आमच्या अंगनात? चिटपाखरू येत न्हाई."

सबिहाने दोन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा पुनमच म्हणाली, "राहू दे सबिहा, त्यांना झोप लागायला पाहिजे." मग मला चोवीस तासांचा पहारा मिळाला.

पुढचे दोन महिने माझे सुखाचे गेले. लोहा, अहमदपूर, सोयाबीनची हिरवी रानं, वाऱ्यावर नाचणारी उसाची पाती, मधेच रस्त्याची मालकी आपली आहे असं मानणाऱ्या म्हशी. पुनम गाडी छान चालवते. म्हशीला हॉर्न देत नाही, थांबून वाट देते, आणि "जा बाई, तुला उशीर व्हायला नको," म्हणते. एकटी असली की मोठ्याने गाते. ते मात्र मी लगेच विसरतो. तसं वचन तिला न देताच पाळलंय मी.

मग दसरा आला. पुनम सुट्टीला गावी आली आणि गाडी आठ दिवस अंगणात उभी राहिली.

ज्या अंगणात चिटपाखरू येत नाही, तिथे पहिल्या दिवशी सदतीस माणसं आली. गावातली पहिलीच इलेक्ट्रिक गाडी, आणि सणाला बाहेरगावचे सगळे घरी आलेले. कोणी कान लावून आवाज ऐकू पाहत होतं, कोणी डिझेलचं झाकण शोधत होतं. दसऱ्याला पुनमची आई, साखराबाई, गाडी पुजायला आली. चाकांना हळदकुंकू झालं, बॉनेटवर आपट्याची पानं पडली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ह्यो डोळा हाय म्हन की. पोरीवर ध्यान ठेवतो. त्येला कोरडं ठेवू व्हय?"

आणि तिने काचेवर, बरोबर माझ्या डोळ्यासमोर, कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं. त्या क्षणापासून मला सगळं अंगण लाल दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट, तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सकाळी देवाच्या पाठोपाठ माझा नंबर. इतका मान आमच्या घराण्यात कुणाला मिळाला नसेल, पण मला दिसत काही नव्हतं. मी नुसती लाल हालचाल बघून उठायचो, भरून घ्यायचो, पुन्हा डुलकी घ्यायचो, पुन्हा उठायचो.

तरी रोज पहाटे कोणीतरी ते कुंकू पुसत होतं. कोण, ते घरात कुणी बोलत नव्हतं.

सुट्टी संपली. सोमवार उजाडला. दहाला पुनमच्या वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरगावचे परीक्षक येणार. साडेपाचला ती डबा घेऊन बाहेर आली. रिमोट दाबला. गाडी गप्प. पुन्हा दाबला. दारात दडलेली मूठही बाहेर येईना.

ग्यानोबा ओट्यावर बसून बघत होते. "रातभर चार्जिंग लावलं होतं न्हवं?"

"लावलं होतं. शंभर टक्के भरली."

"शंभर टक्के भरली, अन् दार उघडंना." मग ते हळूच म्हणाले, "पुने, बोलनं झालं होतं आपलं."

पुनमने डबा बॉनेटवर ठेवला आणि सबिहाला फोन लावला. सबिहा झोपेतून उठली असावी, पण दोन वाक्यांत तिला उमगलं. "ताई, कोठी भरलेली हाय, किल्ली हरवली. रिमोटच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपलेली असते, तिनं दार उघडा. आतून बॉनेट खोला. काकांचा ट्रॅक्टर हाय ना? त्याच्या बॅटरीवरून वायर लावायची. ट्रॅक्टर बंदच ठेवा. मी सांगते तसं करा. पण काकांना म्हणा, आणतील तर."

पुनमने फोन खाली धरला आणि वडिलांकडे बघितलं. ट्रॅक्टर त्यांचा, किल्ली त्यांच्या खिशात. ते नुसते बसून राहिले असते तरी पैज जिंकले असते. सव्वासहाची बस होती.

साखराबाई दारातून म्हणाली, "बसलाव काय? पोरीची परीक्षा हाय."

"पोरीची न्हाई, पोरीच्या पोरांची," ग्यानोबा म्हणाले आणि उठले. पाच मिनिटांत ट्रॅक्टर गाडीसमोर नाकाला नाक लावून उभा राहिला. सबिहा फोनवरून सांगत गेली, पुनम वायर लावत गेली. आणि मित्रांनो, मी जागा झालो. एका इलेक्ट्रिक गाडीला डिझेलच्या ट्रॅक्टरने उठवलं. ट्रॅक्टर आजही ते मला ऐकवतो.

"मी बी येतो," ग्यानोबा मागच्या सीटवर बसत म्हणाले. "त्या डोळ्याचा निकाल लावू आज. अन् नीट ऐक, गाडी बंद पडली ती पडली. रस्त्यात काय, अंगनात काय."

पुनम दहाला दहा मिनिटं असताना कॉलेजात पोचली. रस्ताभर ती गायली नाही.

दुपारी चारला आम्ही दुकानात होतो. सबिहाने माझं कार्ड काढून संगणकात घातलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. "आठ दिवसांत नऊशे अकरा वेळा उठलाय हा. काका, चिटपाखरू येत नाही म्हणालात."

पडद्यावर अंगण उलगडू लागलं. काचेत बघून मिशीला पीळ देणारा शेजारी. बॉनेटची लांबी वितीने मोजणारा दुसरा. पदर नीट करणाऱ्या तिघी. चाकाशी अंग घासणारी शेळी. काचेला नाक चिकटवलेली पोरं, नाकांची रांगच. मग लाल. मग सगळं लाल.

"हे काय झालं?" सबिहा.

"आमच्या घरातली पूजा," ग्यानोबा म्हणाले. तय्यबभाई हसून ठसकले.

"तरी एवढ्यानं किल्ली संपायची नाही," सबिहा पुटपुटली. "कोणीतरी रोज दार उघडून बसतंय. दार उघडं राहिलं की गाडी जागी राहते. हे बघा, रोज पाच वाजून चाळीस मिनिटं. अर्धा-अर्धा तास."

ग्यानोबा एकदम म्हणाले, "फुडं जाऊ दे, माय. तिथं काय न्हाई."

पण तिचं बोट बटणावर पडलं होतं. पडद्यावर लाल अंगण. त्यावरून उपरण्याचा शेव फिरला, लाल गेलं, पहाटेचा उजेड आला. मग दार उघडल्याचा आवाज, कोणीतरी बसल्याची करकर, आणि ग्यानोबांचा आवाज. घरात कधी ऐकू न येणारा.

"काच साफ ऱ्हायली पायजे बाबा तुजी. पोरीला रस्ता दिसंल, पर तुला बी दिसला पायजे. मला गाडीचं भ्या न्हाई रं. लई ब्येस चालवती. मागं बसलो की छाती फुगून येती, पर तोंडावर म्हनाया जमंना. सायकल शिकत व्हती तवा कॅरिअर धरून पळालो अन् न सांगता हात सोडला. गेली की सरळ. आता हात सुटंना झालाय, तेच्यापाय बसचं काढलं..."

मिनिट संपलं. पडदा थांबला. ग्यानोबा टोपी काढून तिच्याच आत बघत होते.

"आवाजवाला तुम्हीच निवडला होता, ग्यानोबाभाऊ," तय्यबभाई सावकाश म्हणाले.

पुनम पडद्याकडून वडिलांकडे वळली. मग म्हणाली, "आण्णा, हात सोडलेला मला कळला होता."

"कसा? मागं तर बघितलं न्हाईस."

"सावली दिसत होती पुढं. दोन होत्या, एक मागं राहिली. बघितलं असतं तर तुम्ही परत धरला असता."

ग्यानोबांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली. "म्हंजे गाडीची किल्ली मीच संपवली म्हन की."

"हौ," सबिहा म्हणाली.

"मग गाडी बंद पडली असं धरता येत न्हाई. ती मी पाडली." त्यांनी पुनमकडे न बघता सांगितलं, "जा तू. मी बसनं जातो गावाला. बसला काय काटे हायेत?"

त्या दिवशी सबिहाने माझी वायर बदलली. आता गाडी झोपली की मीही झोपतो. ग्यानोबांनी जाताना सांगितलं, "ते माजं पुसून टाक, माय." सबिहा हो म्हणाली आणि त्या मिनिटाला कुलूप लावलं. कार्ड कितीदा भरलं, तरी ते जागचं हलत नाही.

अडीच वर्षं झाली. उन्हाने माझा रंग विटला आहे, एका मे महिन्यात चिकटपट्टी सुटून मी थेट पुनमच्या डब्यात पडलो होतो. नवीन कॅमेरे माझ्याहून लांबचं बघतात. ती काही मला बदलत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गाडीत माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याची काच पुसत जा. त्याची काच आहे तिथे कुंकू लावायचंच असेल, तर जरा बाजूला लावा. आणि आम्हाला जे सांगता ते अधूनमधून माणसांनाही सांगा. आमचा विसरभोळेपणा तुम्हाला ठाऊकच आहे.

सोमवारी पहाटे पुनम गाडी चालू करते आणि मला जाग येते. काच स्वच्छ असते. ती कोणी पुसली, पुसताना काय बोललं, मला आता कळत नाही. मी झोपलेला असतो. मला एवढंच दिसतं की अंगणाच्या टोकाला ग्यानोबा उभे आहेत. गाडी त्यांच्याजवळून निघते, आणि ते दोन्ही हात वर करतात. मोकळे.