ओठांना न लावता

आमच्या फळांच्या दुकानाला पाटी आहे, वजनकाटा आहे, पण दुकान चालतं ते ह्यांच्या तोंडावर. गिऱ्हाईक आलं की हे आधी एक फोड स्वतः खातात. गोड असली तर डोळे मिटतात. आंबट असली तर असं तोंड करतात की गिऱ्हाईक ती पेटी सोडून दुसरी मागतं. बोलायचं खातं माझ्याकडे. ह्यांना चार शब्द बोलायचे म्हणजे संकटच.

अशा माणसाचे ओठ सुजावेत, तेही ऐन संत्र्यांच्या दिवसांत! दातांनी सालं सोलायची, रस लागला की ओठ चाटायचे. मी सांगून सांगून थकले. शेवटी ओठ लालभडक होऊन फुटले आणि गोड संत्र्यालाही हे "स्स" करून उडायला लागले. ते बघून गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आंबट फळं बंद. केळं खा, पपई खा."

"अहो, दुकानात ढीग संत्र्यांचा आहे," मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "मग एखादाच तुकडा, ओठांना न लावता. आधी मलम लावा. बारीक तुकडा काट्याने थेट जिभेवर. नंतर साध्या पाण्याने चूळ, आणि ओठ हलकेच टिपायचे. चाटायचे अजिबात नाहीत!"

घरी तालीम सुरू झाली. हे आरशासमोर आ वासून बसायचे, मी काट्याने तुकडा आत सोडायची. "चेहरा हलता कामा नये!" मी ओरडायची. कारण इस्पितळाच्या स्वयंपाकघराचा मुख्य आचारी वर्षभराची फळं कोणाकडून घ्यायची ते ठरवायला येणार होता. ते काम हातचं गेलं असतं तर दुकानाला कुलूपच.

आचारी आला. ह्यांनी मलम लावून तुकडा आत सोडला. चेहरा शांत, डोळे मिटलेले. मला आनंदाने नाचावंसं वाटलं.

मग आचाऱ्याने त्याच संत्र्याची फोड खाल्ली आणि त्याचा चेहराच गोळा झाला.

"वहिनी, हे तर चिंचेहून आंबट आहे! यांचा चेहरा बघून माल घ्यावा असं ऐकलं होतं. तोच फसवायला लागला तर झालंच!" तो पायऱ्या उतरायला लागला.

"थांबा," हे म्हणाले. "आंबट आहे ते मला कळलं होतं. ओठ सुजलेत माझे. हिने एवढी तालीम करून घेतली, ती मोडवेना. पण चुकलंच."

हे थांबेनात.

"तुमच्याकडे आजारी माणसं. कोणाचे ओठ फुटलेले असले तर संत्रं देऊच नका, जीव कळवळतो. पिकलेली पपई द्या. बारीक कापून, काट्याने, सरळ जिभेवर. संत्री मी चाखून सांगेन तेव्हाच न्या."

आचारी परत वर आला. "आमच्याकडे ताट तसंच परत येतं," तो हळूच म्हणाला. "ओठ दुखत असतील हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. उद्यापासून पपई पाठवा. बाकीचंही तुम्हीच बघा."

तो गेला. तालमीचं गुपित फोडल्याबद्दल ह्यांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण मला ह्यांचा इतका अभिमान वाटत होता की ओरडायचंच राहून गेलं.