पुसलेल्या काचा

आमच्या प्रयोगशाळेत काचा मी धुते. सव्वीस वर्षं झाली. सगळे मला मावशी म्हणतात, संचालकसुद्धा, आणि ते माझ्याहून चांगले चार वर्षांनी मोठे आहेत.

द्रवस्फटिकांवर काम करणारी आमची संशोधक मुलगी तेव्हा दोन आठवडे हवेत होती. हे द्रवस्फटिक मोठं लबाड. वाहतं पाण्यासारखं, पण आत रेणू रांगेत उभे. तापवलं की रांग मोडते आणि सूक्ष्मदर्शकात काळोख होतो. निवलं की पुन्हा उजेड. साध्या काचेवर निवताना रेणू रुसलेल्या भावंडांसारखे जागोजागी वेगळीकडे तोंड करून बसतात. हिच्या नमुन्यात मात्र सगळे एकाच दिशेला, आणि तेही आपणहून! तिची नेमणूक तीन महिन्यांत संपत होती. हे छापून आलं असतं तर नोकरी कायम झाली असती.

तिने कौतुकाने मलाही बघायला बसवलं. काच फिरवली की सगळं एकदम काळं व्हायचं, आणखी फिरवली की एकदम उजळ. रेणूंची दिशा तिने काचेवर रेघ मारून दाखवली, तेव्हा मी ती रेघ लगेच ओळखली. धुतलेली काच मी कापडाने अगदी तश्शी तिरकी पुसते. खरं तर पुसायची नाही, नुसती वाळवायची, असा नियम आहे. पण डाग राहिलेला मला खपत नाही.

दोन दिवस मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिसऱ्या दिवशी ती लेख पाठवायला निघाली, तेव्हा मात्र राहवेना.

"पोरी, ती रांग माझ्या हाताची आहे," मी म्हटलं.

ती रागावली नाही. एक काच न पुसता वाळवा, दुसरी उलट्या बाजूला तिरकी पुसा, एवढंच म्हणाली. दोन्हींवरचे नमुने तापवले, निववले. पहिल्या काचेवर रेणूंची पांगापांग. दुसऱ्या काचेवर रांग होती, पण उलटी तिरकी.

मी बोलले नसते तर तुझी नोकरी राहिली असती, असं मी म्हणाले.

"मावशी, उद्या दुसऱ्या कोणी काचा धुतल्या असत्या, तर मी काय दाखवलं असतं?"

संचालकांना दिलेल्या कागदात तिने लिहिलं होतं: काचा पुसलेल्या होत्या, मी खात्री करून घेतली नाही, चूक माझी. कोणी पुसल्या, ते कुठेच नव्हतं. तीन महिन्यांनी नेमणूक संपली आणि ती प्रयोगशाळा सोडून गेली. त्या दिवशी मी बेसिनपाशी उभी राहून रडले.