आधी साधं पाणी

माझ्या धाकट्या जावेनं केस रंगवले आणि माझ्याकडून रंगवून घेतले नाहीत, तिथून हे सगळं सुरू झालं.

माझं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि सोळा वर्षांपासूनची जुनी गिऱ्हाइकं. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत माझे हात दुसऱ्यांच्या डोक्यात असतात. कुणाला कुठला रंग खुलेल हे त्या बाईच्या आधी मला कळतं. आणि आमच्याच घरची सून परक्या ठिकाणी जाऊन मधाच्या रंगाच्या बटा काढून येते! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगीच नाही.

चार दिवसांची सुट्टी काढून आम्ही सगळे एका हॉटेलात उतरलो होतो. दारातच तिनं डोक्याचा रुमाल सोडला. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, काय शोभतंय गं तुला!" दीर तर मिशीतल्या मिशीत असे हसत होते, जसं काही यांनीच ब्रश धरला होता. माझा नवराही म्हणाला, "छान दिसतंय की." या माणसानं लग्नापासून माझ्या केसांबद्दल एकच वाक्य उच्चारलंय, ते म्हणजे "आमटीत केस आहे".

मी जवळ जाऊन पाहिलं, खोट काढायला. सापडली नाही. बटा बारीक घेतलेल्या, मुळांपासून नेमकं अंतर सोडलेलं, कुठे डाग नाही. कुणी केलं असेल त्याचा हात चांगला होता. त्याचाच मला जास्त राग आला.

पण खरं सांगायचं तर केस हे निमित्त होतं. दुखणं वेगळं होतं. माझी लेक अकरा वर्षांची आहे. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. ही भिंगरी तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याभोवती फिरायची. शाळा सुटली की पार्लरमध्ये येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची, माझं बोलणं ऐकायची आणि घरी येऊन माझी नक्कल करायची. कानावर पेन्सिल खोचून, कमरेवर हात ठेवून, माझ्याच आवाजात. सुट्टीला निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी जो पाठ म्हणून दाखवते, तो तर तिचा ठरलेला होता: "केस म्हणजे तहानलेलं माणूस हो. आधी साधं पाणी पाजा, पोटभर. मग ते पोहण्याच्या तलावाचं औषध घातलेलं पाणी पिणार नाहीत. वरून कंडिशनर चोपडा, अंबाडा घाला, टोपी चढवा. आणि बाहेर आलात की गप्पा नंतर, आधी केस धुवा. नाहीतर माझ्याकडे हिरवं डोकं घेऊन येऊ नका!" सगळं घर हसायचं. मी वरवर चिडायची आणि आतून सुखावायची.

मग ही जाऊ आली. तिला पोहता येतं, गाडी चालवता येते, गाण्यावर नाचता येतं. मला यातलं काही येत नाही. भिंगरीचं "काकू, काकू" सुरू झालं. कानामागून आली आणि तिखट झाली. या सुट्टीत काकू तिला पाठीवर तरंगायला शिकवणार होती, आणि मी काय करणार होते? टॉवेल धरून खुर्चीवर बसणार होते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी जाऊ आमच्या खोलीत आली. भिंगरी पलंगाखाली शिरून पोहण्याचा चष्मा शोधत होती, नुसते पाय बाहेर होते. मी कपडे लावत होते.

"वहिनी, एक विचारू?" जाऊ म्हणाली. "उद्या सकाळी पाण्यात उतरायचं म्हणतोय आम्ही. या केसांना काही होत नाही ना? तिथे विचारायचं राहूनच गेलं."

माझ्या जिभेवर पाठ आला होता. पहिलं वाक्य ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात ती कपाटाच्या आरशात वळली, मान झटकली, आणि त्या बटा अशा चमकल्या की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, जिथे केस रंगवलेस तिथेच विचार की. त्या बटांचा रंग पार उडवून मगच त्यावर मधाचा रंग चढवलेला होता. असे केस तलावाचं पाणी सगळ्यात आधी पितात. दोन दिवसांत ते शेवाळ्यासारखे दिसणार, हे मला माझं नाव माहीत असावं इतकं माहीत होतं.

"काय होतंय?" मी म्हणाले. "पाणीच तर आहे."

"मग बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं."

ती गेली. भिंगरी पलंगाखालून चष्मा घेऊन निघाली, केसांना धूळ लागलेली. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मी म्हटलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही," आणि चष्मा पुसत बसली. मला वाटलं, पलंगाखाली तिला काय ऐकू येतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी तलावावर जाऊन खुर्ची धरली. मला बघायचं होतं. लाज वाटते सांगायला, पण मला ते केस भिजताना बघायचे होते.

तलावाच्या पायरीवर एक अनोळखी बाई उभी होती. पन्नाशीची, केसांना ताजा लाल रंग, कानामागे रंगाची पुसट रेघ अजून राहिलेली. म्हणजे चार दिवससुद्धा झाले नव्हते. तिनं एक पाय पाण्यात घातला आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो ताई, थांबा!"

जित्याची खोड, दुसरं काय. मी तिला हाताला धरून कडेच्या शॉवरखाली नेलं. "आधी साधं पाणी पाजा केसांना, पोटभर," म्हणाले. माझ्या पिशवीत कंडिशनरची बाटली असतेच, त्यातलं हातावर घेऊन मीच तिच्या केसांना चोपडलं, टोकांपर्यंत. अंबाडा घालून दिला. "टोपी हवी होती. नसली तर निदान डोकं बुडवू नका. आणि बाहेर आलात की गप्पा नंतर, आधी केस धुवा." ती बाई म्हणाली, "देव तुमचं भलं करो हो. परक्या माणसासाठी कोण एवढं करतं?"

मी हसत मागे वळले. भिंगरी उभी होती. गळ्यात टॉवेल, डोक्यावर तिची निळी टोपी, माशांचं चित्र असलेली. तिनं सगळं पाहिलं होतं. गर्रकन वळली आणि आली त्या वाटेनं हॉटेलात पळत गेली.

तेव्हा मला कळलं की पलंगाखाली चांगलं ऐकू येतं.

दहा-पंधरा मिनिटांनी दोघी आल्या. जावेचे केस मुळांपासून टोकांपर्यंत भिजवलेले, कंडिशनरनं चपचपीत, घट्ट अंबाडा, आणि त्यावर ती माशांची निळी टोपी. भिंगरीचं डोकं उघडं.

"वहिनी, तुम्ही म्हणजे खरंच!" जाऊ लांबूनच म्हणाली. "भिंगरीनं सांगितलं, तुम्ही काल सांगायला विसरलात, आणि सकाळी आठवल्याबरोबर तिला पिटाळलंत. तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं."

मी भिंगरीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

खरं बोलायला तो क्षण चांगला होता. मी म्हणाले, "हं. जा, उतरा आता."

मग मी खुर्चीवर बसून राहिले. जावेनं भिंगरीच्या पाठीखाली हात धरला होता आणि हळूहळू काढून घेतला. माझी लेक पहिल्यांदा पाण्यावर तरंगली. एरवी ओरडून मला हाक मारली असती तिनं. त्या दिवशी नाही मारली.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंच्या कानावर सगळं गेलेलं होतं. "थोरली आहे म्हणून धाकटीचे केस वाचले," त्या कौतुकानं म्हणाल्या. हेच कौतुक ऐकायला मी किती वर्षं कान टवकारून होते, आणि आता ते ऐकताना मी आमटीचं भांडं पुढे सरकवलं. "भिंगरे, ती नक्कल करून दाखव गं आईची. पाठ म्हणते ती."

भिंगरी ताटातला भात बोटानं सारत राहिली.

"कर की," दीर म्हणाले.

"मला नाही येत," ती म्हणाली. "विसरले मी."

सगळे हसले. "विसरले" हा शब्द मी ओळखला. माझ्यासाठी ती सकाळी खोटं बोलली होती, आणि त्यासाठी हाच शब्द वापरला होता.

जेवण झाल्यावर मी जावेला म्हटलं, "चल, केस नीट धुऊन देते." न्हाणीघरात तिला स्टुलावर बसवलं, टॉवेल खांद्यावर टाकला, कोमट पाणी काढलं. तिच्या केसांत हात घालण्याची माझी ती पहिली वेळ. माणसाचं तोंड दिसत नसलं की बोलायला सोपं जातं, हे मी पार्लरमध्ये रोज बघते.

"मी निरोप पाठवला नव्हता," मी म्हणाले. "आणि विसरलेही नव्हते. काल तू विचारलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं. मुद्दाम नाही सांगितलं. मला तुझा हेवा वाटतो. तू माझ्याकडे आली नाहीस याचाही राग होता."

तिनं खांद्यावरचा टॉवेल घट्ट ओढून घेतला. पाणी तेवढं वाहत होतं.

"दोनदा विचारलं होतं मी तुम्हाला," मग ती म्हणाली. "दिवाळी— नाही, त्याच्याही आधी. आणि मग उन्हाळ्यात. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, बघू."

आठवलं मला. दोन्ही वेळा खुर्ची रिकामी होती.

"आणि निरोपाचं मला कळलंच होतं," ती म्हणाली. "खोटं बोलताना भिंगरीचं नाक लाल होतं. मी म्हटलं, पोर आईला सांभाळतेय, तर आपण कशाला उघडं पाडायचं." तिचा आवाज जरा जड झाला. "पण वाईट वाटलं हो वहिनी. मी विश्वासानं विचारलं होतं."

"चुकलं माझं," मी म्हणाले. याहून मोठं काही सुचलं नाही.

दाराशी हालचाल झाली. भिंगरी चौकटीला टेकून उभी होती, कधीपासून कोण जाणे. टोपी काकूला दिल्यामुळे तिचे केस काथ्यासारखे राठ होऊन उभे राहिले होते. सकाळपासून कुणी ते धुतले नव्हते. मीसुद्धा नाही.

"ये," मी म्हटलं, "तुझेही धुऊन देते."

ती आत आली. माझ्या समोरून गेली, कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं आणि जावेच्या पुढ्यात पाठ करून बसली.

"काकू, तू धू."

जावेनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या केसांतून पाणी टपकत होतं. ती "नको, आईकडून धुऊन घे" म्हणाली असती, तिच्या तोंडावर आलंही होतं. मी मान हलवली आणि हातातला पाण्याचा मग तिच्या हातात दिला.

"कोमट घे," मी म्हणाले. "फार गरम नको. आधी नुसतं पाणी, पोटभर. शाम्पू मुळांना, थोडाच. टोकांना कंडिशनर, मुळांना नाही. गुंता हातानं सोडव, फणीनं ओढू नकोस, तिला दुखतं. डावीकडे कानामागे जास्त गुंता होतो तिचा."

एकही गोष्ट मी गाळली नाही. भिंगरी डोळे मिटून, मान मागे टाकून बसली होती, आणि मी टॉवेल धरून उभी राहिले.