जाकिटातले पाच किलो

मी वजनकाटा बोलतोय. मुरबाडच्या एका सरकारी दवाखान्यात, एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या खोलीत, दाराशीच माझी जागा. गोल तबकडी, लाल काटा आणि हजारो पावलांनी गुळगुळीत झालेली पाठ, एवढाच माझा संसार.

माणसांची एकेक तऱ्हा मी पाठीवर सोसलीय. कुणी श्वास रोखून चढतं, कुणी हळूच भिंतीला बोट टेकवतं, कुणी आकडा आवडला नाही की मलाच लाथ मारतं. मी मात्र खरं तेच दाखवायचं व्रत घेतलेलं. ते व्रत भगीरथनं मोडलं.

भगीरथ वैशाखरे गावचा. माळशेजच्या रस्त्याला तराजू मांडून काकड्या, करवंदं विकणारा. दोन वर्षांपूर्वी लहानी नावाच्या बायकोच्या खांद्यावर हात टाकून आला तेव्हा एड्सनं त्याचं पार चिपाड झालं होतं. भरला चाळीस किलो. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्यागणिक माझा काटा पुढे सरकू लागला.

लहानीच्या रक्तातही तोच विषाणू, पण ती धडधाकट, म्हणून गोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. समुपदेशक समीक्षा मॅडमना तिनं बजावलं होतं, "यांचा काटा चढतोय तवर मी गोळ्या घेन. उतरला का बंद." तेव्हापासून ती आधी माझ्याकडं वाकून बघायची, मगच स्वतःची डबी उचलायची. माझा भाव असा वधारला की विचारू नका.

काटा छप्पन्नावर पोचला. मग यंदा मार्चपासून भगीरथ जाकीट घालून येऊ लागला. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि हा गडी घामानं निथळतोय. मॅडम म्हणायच्या, जाकीट काढा. हा म्हणायचा, थंडी वाजते. त्याचे पाय माझ्यावर एका जागी ठरत नव्हते, काटा सारखा नाचायचा. पण आकडा छप्पन्नचा छप्पन्न, मग मी कुणाकडं तक्रार करणार?

मे महिन्यात जाकिटाचा आतला खिसा उसवला. दोन किलोचं लोखंडी माप ठणकन माझ्या पाठीत बसलं, पाठोपाठ दुसरं, मग एक किलोचं. पठ्ठ्यानं आपल्या तराजूची मापंच खिशात भरली होती. मार्चात एक किलो, एप्रिलात तीन, आता पाच. मापं माझ्यावरच पडली म्हणून काटा हलला नाही; पण लहानीनं ती एकेक करून उचलली आणि काटा एक्कावन्नावर येऊन थांबला.

भगीरथ खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, गोळ्या मला लागू नाय पडल्या. माझा काय व्हायचा तो होवदे. पण हिनं सोडायला नाय पायजेत."

लहानी तापली. घरात चार-चार भाकऱ्या खातात, तरी सगळं जातं कुठं, असं ती मॅडमनाच विचारू लागली. मॅडमनी कान टवकारले. भूक दुप्पट आणि वजन कमी? त्यांनी भगीरथला हात पुढे करायला लावले; बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी गळा चाचपला, छातीची धडधड ऐकली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत दोघांनीही गोळ्या सोडायच्या नाहीत, असं मॅडमनी दहादा सांगितलं. लहानीनं तीस गोळ्यांची नवी डबी उचलली. पिशवीत टाकून ती चालू लागली. पुढचे आठ दिवस मला कसे गेले ते माझं मला ठाऊक.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी समजावलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. अंगातल्या चुलीला किती जाळ लावायचा हे तिच्या हातात. एड्सच्या गोळ्यांनी भगीरथच्या अंगातले रोगाशी लढणारे, निजलेले राखणदार उठून उभे राहिले, आणि क्वचित कुणाला होतं तसं, त्यांनी घरच्याच ग्रंथीला चोर समजून डिवचलं. ग्रंथी भडकली, चूल धडाडली, चार भाकऱ्या जळून खाक. त्यावर वेगळ्या गोळ्या आहेत. एड्सच्या गोळ्या मात्र चोख लागू पडल्यात.

भगीरथला हसावं की रडावं कळेना. मग मॅडमनी भीतभीतच लहानीची डबी मागितली आणि गोळ्या टेबलावर ओतून मोजल्या. तिसांतल्या बरोबर आठ कमी. एकही चुकली नव्हती. काटा उतरलेला बघूनही कशा घेतल्यात, असं मॅडमनी विचारलं.

"येवढ्या उन्हात माझ्यासाठी लोखंड वागवीत आले, मॅडम," लहानी म्हणाली. "मग मी काट्याकडं कशाला बघू?"

माझा भाव तिथंच उतरला, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. आता भगीरथ साध्या सदऱ्यात येतो, काटा हळूहळू चढतोय. मी म्हातारा झालोय, पण तुम्हाला एक विनवणी आहे. आकडा घसरला तर गोळ्या सोडू नका, मलाही फसवू नका. मला किती ते कळतं, का ते कळत नाही. ते समोरच्या खुर्चीतल्या मॅडमना विचारा.